काजळी, कापूर व कर्बाच्या सूक्ष्म नळ्या

हल्लीं ‘नॅनो’ हा शब्द शेतकरीवर्गाच्या कानांवर वारंवार पडूं लागला आहे. कर्बाचे जे अतिसूक्ष्म पदार्थ ह्या नांवानें ओळखिले जातात ते कसे तयार होतात, हें ठाऊक असल्यास फसगत टळेल, असें वाटल्यावरून ही माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश. तें केवळ माप आहे, गुणाची हमी नव्हे. हिरा, शिसपेन्सिलींतील ग्रॅफाइट व चुलीवरील काजळी हीं मुख्यत्वें कर्बाचींच रूपें. भेद आहे तो अणूंच्या रचनेचा. ग्रॅफाइटांत अणु मधाच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी जाळ्यांत बसतात. असें एकच जाळें गुंडाळल्यासारखी रचना झाली तर ती एकपदरी नळी. एकींत एक अनेक असल्या तर बहुपदरी. एकपदरी नळीचा व्यास बहुधा एक-दोन नॅनोमीटर भरतो. जाळें किती तिरकें गुंडाळलें गेलें, त्यावर ती वीज कशी वाहील हें ठरतें.

सन १९९१ मध्यें जपानांत सुमिओ इइजिमा यांनीं ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्यें विजेची कमान पेटवून जमलेल्या कर्बांत बहुपदरी नळ्या ओळखिल्या. पुढें १९९३ सालीं, लोखंड किंवा कोबाल्ट मिसळल्यास एकपदरी नळ्या मिळतात, असें दिसून आलें.

दुसरी रीत वाफेची. प्राणवायु वगळलेल्या तप्त नळीभट्टींत धातूच्या बारीक कणांवरून कर्बयुक्त वाफ सोडतात. वाफ फुटते, कर्ब कणांत मुरतो व कण तृप्त झाला कीं, दाट पाकांतून खडीसाखर निघावी तसा नळीच्या रूपानें बाहेर पडतो. शेवेची जाडी जशी साच्याच्या छिद्रावर, तसा नळीचा व्यास बहुतांशीं कणाच्या आकारावर अवलंबून असतो. उष्णतामान सुमारें ६५० ते ७५० अंश सेंटिग्रेड ठेविल्यास बहुधा बहुपदरी, व ९०० अंशांच्या आसपास नेल्यास एकपदरी नळ्या वाढतात. प्राणवायु शिरल्यास कर्ब जळून जातो. कोळशाची भट्टी मातीनें लिंपावी लागते तें ह्याच कारणास्तव.

देव्हाऱ्यांतील कापूरही येथें उपयोगीं पडतो. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे १०, हायड्रोजनचे १६ व ऑक्सिजनचा १ अणु असतो. जपानांत मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनीं कापराच्या वाफेपासून अशा नळ्या केल्या. तोच कापूर उघड्यावर जाळला तर मात्र काजळी धरते. उसाच्या एकाच रसाची काकवी, गूळ वा साखर होते, तसाच हा प्रकार होय. म्हणून घरची काजळी पाण्यांत कालवून ‘नॅनो’ म्हणणें व्यर्थ होय.

पिकांवर परिणाम काय? सन २००९ मध्यें अमेरिकेंतील आर्कान्सा येथें बहुपदरी नळ्यांच्या सान्निध्यांत टोमॅटोचें बीं लवकर उगवल्याचें आढळलें. उलट २००८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत साध्या एकपदरी नळ्यांनीं टोमॅटोच्या मुळांची वाढ खुंटली, तर कांदा व काकडी यांच्या मुळांची वाढली. त्याच वर्षीं उंदरांवरील प्रयोगांत लांब, ताठ नळ्यांनीं अॅस्बेस्टॉसच्या तंतूंप्रमाणें दाह उत्पन्न केला. आखूड व गुंतलेल्या नळ्यांनीं तसा केला नाहीं. तेव्हां रचनेवरच हित वा अहित अवलंबून आहे.

सबब आमची सूचना अशी: कर्बाच्या नॅनो मालाचा विक्रेता आला असतां नळ्या एकपदरी कीं बहुपदरी, लांबी व व्यास किती, भट्टींतील धातूचा अंश किती उरला, आणि आपल्या पिकावर चांचणी कोठें झाली, हें लेखी विचारावें. उत्तर न मिळाल्यास पैसा खर्चूं नये. कोरडी भुकटी तर हाताळूंच नये. तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. बियाणें व शेणखत यांवर घातलेला रुपया ह्यापेक्षां खात्रीचा होय.