चाळिशीनंतरचा गज

अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरात घराला घर चिकटलेले. तिथे चाळिशीत व्हायोलिन हाती धरणाऱ्याला सुरांआधी शेजाऱ्यांची धास्ती, म्हणून तो पलटे, म्हणजे स्वरांचे क्रमवार सराव, सोडून थेट गाण्यावर उडी मारतो. घाई इथेच नडते. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले की गंधार बेसूर. ते अंतर गाण्याच्या ओघात निसटते, ‘सारेग, रेगम’ संथपणे घोटताना मात्र कानाला टोचते. फ्रेंच व्हायोलिनवादक क्रॉइट्झरने १७९६च्या सुमारास रचलेले एट्यूड म्हणजे पाश्चात्त्यांचे पलटेच. त्यांतला दुसरा तर गजाच्या नाना तऱ्हांनी वाजवून घेतात. आपल्याकडे तारा षड्ज-पंचमात लावतात, मग तो एट्यूड कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा. बोटांची मांडणी बदलते, पण गज सरळ ओढायचे कसब तेच. व्हायोलिनवादक डी. के. दातारांच्या गायकी अंगातली, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींडही त्याच कसबावर उभी होती.

राहिले वय. बोटे सावकाश वळतात, पण चूक ऐकून तिचे कारण शोधणे प्रौढाला जास्त जमते. बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरस विद्यार्थ्यांचा एकांतातला रियाज जास्त भरला, तोही मध्ये विश्रांती घेत. ते सारे तरुण होते, हे कबूल. पण थकलेल्या कानाने घोटलेली चूक कोणत्याही वयात पक्कीच होते. तेव्हा रोज वीस मिनिटे, दोन तारांवरचा एकच पलटा, आणि घोडीवर आवाज दबवणारा म्यूट. शेजाऱ्यांचीही हरकत नसावी.