आराखडा एक, आवृत्त्या अनेक

एअरबस ए-३८० हे जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान सुमारे दोन वर्षे रखडले, ते इंजिनामुळे किंवा पंखांमुळे नव्हे. विजेच्या तारा आखूड पडल्या! जर्मनीतील हॅम्बुर्ग येथून विमानाच्या धडाचे भाग फ्रान्समधील तुलूझला जोडणीसाठी आले, तेव्हा तारांचे जुडगे ठरल्या जागी बसेनात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा. त्या हाताने उकलून पुन्हा बसवण्यात महिनेच्या महिने गेले.

जर्मनी व स्पेनमधील अभियंते ‘कॅटिया’ या आरेखन-सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्स व ब्रिटनमधील पाचवी. एकीकडची माहिती दुसरीकडे जशीच्या तशी उतरत नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने २०१० पर्यंतच्या नफ्याला ४.८ अब्ज युरोंची कात्री लागेल, असे जाहीर केले. त्याच महिन्यात प्रमुख ख्रिश्चन स्ट्राइफ पदावरून दूर झाले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

चूक केवळ सॉफ्टवेअरची नव्हती. व्यवस्थापनाने जुळवणीकडे वेळीच लक्ष दिले नाही, हे अधिक खरे. मात्र या प्रकरणाने उद्योगजगतापुढे एक प्रश्न ठळकपणे मांडला. चार देशांत बसून एकच वस्तू घडवायची, तर तिची ‘खरी’ माहिती नेमकी कुठे असते?

पूर्वी उत्तर सोपे होते. ती ड्रॉइंगच्या कपाटात असे. पुढे सीडी आणि ई-मेल आले, आणि प्रत्येक संगणकावर एकेक प्रत साठू लागली. कोणती ताजी, हे सांगणे अवघड झाले. यावरचा उपाय म्हणजे उत्पादनाची सारी माहिती एकाच मध्यवर्ती भांडारात ठेवायची आणि तिथे ब्राउझरमधून पोहोचायचे. ‘विंडचिल’ ही वेबवर आधारलेली प्रणाली १९९८ मध्ये आली; ‘टीमसेंटर’, ‘एनोव्हिया’ ही याच क्षेत्रातील अन्य नावे.

कामाची रीत अशी. अभियंता सुट्या भागाचा क्रमांक टाकतो. प्रणाली आधी त्याचा अधिकार तपासते आणि मग त्या भागाची मंजूर आवृत्ती दाखवते. बदल करायचा असल्यास फाइल त्याच्या नावे ‘उचलली’ जाते. तो परत ठेवीपर्यंत इतरांना ती केवळ पाहता येते. पूर्ण त्रिमितीय मॉडेल अतिशय जड असते, म्हणून पाहणाऱ्याकडे बहुधा त्याची हलकी प्रतिकृती पाठवतात. अशा प्रतिकृतीच्या ‘जेटी’ स्वरूपाला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण व्हावी यासाठीचे ‘स्टेप’ हे मानक तर १९९४ पासून आहे.

खरी कसोटी लागते ती दोन प्रणाली परस्परांना जोडताना. आरेखन विभागाच्या भागयादीत वस्तू जशी कल्पिली तशी असते. कारखान्याच्या यादीत ती जशी जोडायची तशी. एकात रंग आणि वंगण नसते, दुसऱ्यात ते हवेच. खरेदी विभागाची प्रणाली तिसरीच. वेबसेवांद्वारे एका प्रणालीने दुसरीला ‘या भागाची चालू आवृत्ती कोणती?’ असे विचारायचे आणि उत्तर आपोआप मिळवायचे, ही झाली जोडणी. तिच्यात क्रमांकांचा मेळ कोणी घालायचा, यावरून बैठका रंगतात. तंत्रज्ञान त्यामानाने लवकर उरकते.

भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपसाठीही हा विषय दूरचा नाही. मोठ्या वाहन कंपनीचे जॉबवर्क करणाऱ्याने जुन्या रिव्हिजनप्रमाणे डाय बनवली, तर माल नाकारला जातो आणि भुर्दंड बहुधा लहान्यालाच बसतो. पुरवठादार-पोर्टलवर थेट ड्रॉइंग पाहता आल्यास हा धोका घटतो. पण प्रत्येक ग्राहकाचे पोर्टल वेगळे, पासवर्ड वेगळा. पाच ग्राहकांचे काम घेणाऱ्याला त्यासाठी एक माणूस अडकवून ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार ग्राहक देत नाही.

शिवाय यंत्रासमोर उभा असलेला कामगार पडदा नव्हे, कागदच पाहतो. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या ड्रॉइंगवर, छापील प्रत नियंत्रित नाही, अशा अर्थाची सूचना असते. सकाळी यंत्राशेजारी चिकटवलेला तो कागद दुपारपर्यंत जुना झालेला असू शकतो.