कपाटातली पुस्तके आणि मुलांचे वाचन

पाचवीच्या वर्गातली दोन मुले डोळ्यांसमोर आणू. एक 'द्राक्षबागायतदार' हा शब्द एका नजरेत वाचून पुढे जाते. दुसरे 'द्रा... क्ष... बा... गा...' असे अडखळते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. पहिले हुशार, दुसरे 'ढ' असा शिक्का आपण चटकन मारतो. पण हा फरक पुष्कळदा बुद्धीचा नसून सरावाचा असतो.

मन एका वेळी थोड्याच गोष्टी ध्यानात धरू शकते. मात्रा, रफार, जोडाक्षरे ओळखण्यातच सारे लक्ष खर्च झाले, तर अर्थासाठी काही उरत नाही. अक्षरओळख अंगवळणी पडली की लक्ष मोकळे होते. अंगवळणी पडायला मात्र भरपूर वाचावे लागते.

ते कोठे घडते? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कसा जातो, याच्या रोज नोंदी ठेवल्या. वाचनातील प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो पुस्तके वाचण्यात घालवलेल्या वेळेचा. बहुतेक मुले मात्र त्यासाठी अगदी थोडी मिनिटे देत होती. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो आणि आणखी पुढे जातो. ज्याला येत नाही तो पुस्तक टाळतो आणि मागे पडतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली यालाच 'मॅथ्यू परिणाम' म्हटले. आपल्याकडे म्हणतात, पैशाकडे पैसा जातो!

चिकित्सक वाचक विचारतील : पुस्तकांमुळे वाचन सुधारले, की वाचन चांगले म्हणून पुस्तके हाती आली? याचे उत्तर प्रयोगानेच मिळते. एली व मंगुभाई यांनी फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी २५० सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत शिक्षक पुस्तक मोठ्याने वाचून मुलांशी त्यावर बोलत, तर काही वर्गांत मुले रोज मनात वाचत. इतर वर्गांत नेहमीचेच पाठ चालू राहिले. आठ महिन्यांनी पुस्तके मिळालेल्या वर्गांची इंग्रजी वाचनातील प्रगती सुमारे दुप्पट भरली. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. यातली बहुतेक मुले घरी इंग्रजी बोलत नव्हती, हे विशेष.

आपल्या सुरगाणा, पेठ भागांत घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी दुसरी, अशी स्थिती अनेक मुलांची आहे. ती भाषा कानांवर आणि डोळ्यांवर पडण्याचे ठिकाण म्हणजे शाळा. शाळा बंद पडली तर काय होते, हे 'असर' सर्वेक्षणाने दाखवले. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती. कोविडच्या टाळेबंदीनंतर, २०२२ साली, ती ४२.८ टक्क्यांवर आली. २०२४ साली हा आकडा ४८.८ पर्यंत सावरला.

पुस्तकांची परंपरा नाशिकला नवी नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेल्या. वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, ही त्यामागची दृष्टी वर्गातही हवी. पुष्कळ शाळांत पुस्तके असतात, पण कपाटात. फाटली, हरवली तर डेडस्टॉक रजिस्टरचा जाब कोण देणार, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. पण फाटलेले पुस्तक निदान वाचले गेलेले असते.

आम्ही तीन गोष्टी सुचवतो. रोज दहा मिनिटे प्रत्येक मुलाच्या हाती त्याला झेपेल असे पुस्तक द्यावे. समजा मूल मिनिटाला ६० शब्द वाचते. मग शाळेच्या २०० दिवसांत १,२०,००० शब्द त्याच्या डोळ्यांखालून जातील! दुसरे, आठवड्यातून दोनदा तरी शिक्षकांनी गोष्ट वाचून दाखवावी आणि तिच्यावर मुलांना बोलू द्यावे. तिसरे, पुस्तक घरी जाऊ द्यावे. बागेतल्या मजुरीहून परतलेल्या आईला वाचता येत नसले, तरी "मग पुढं काय झालं?" एवढे ती नक्कीच विचारू शकते. वाचणाऱ्या मुलाला श्रोता मिळाला, की घरही शाळेचे काम करू लागते.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन अवश्य साजरा करावा. कपाटाची किल्ली मात्र १६ तारखेलाही वर्गातच राहावी.