बोरीबंदर ते पुणे, नुसती चिल्लर

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा 'रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ घ्या. खेळाडूच्या पाठीला पिशवी, पिशवीला कप्पे २८. त्यातल्या एका कप्प्यात नाणी किती मावावीत? २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७! आकडा असा अडनिडा, कारण ३२ बिटांत तेवढाच बसतो म्हणे. बसू द्या. आपण नाणी मांडू. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया जेमतेम २२ मिलिमीटर रुंद. तेवढे रुपये एकाला एक लावून ठेवले तर रांग होते ४७,००० किलोमीटरची. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटर धरा, म्हणजे दीडशेहून जास्त वेळा जाऊन-येऊन! तराजूत टाका, ८,००० टनांच्या वर. सेकंदाला एक अशी, न जेवता न झोपता मोजत बसा, ६८ वर्षं लागतील. आणि खेळात या ढिगाचं वजन? शून्य. गडी तो पाठीला मारून पळतोसुद्धा.

असली बिनवजनाची नाणी खऱ्या डॉलरला विकली जातात. नियम सांगतो, विकायची नाहीत. पण विकण्यासाठी नाणी खणणारे किती? मँचेस्टर विद्यापीठातल्या रिचर्ड हीक्स यांचा २००८ चा अंदाज आहे ४ लाख माणसांचा, बहुतांश चीनमधली. महिन्याचा पगार सरासरी १४५ डॉलर, तेव्हाच्या भावानं सहा हजार रुपयांच्या आसपास. गुणाकार करा. वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपये, आणि हा झाला नुसता पगार!

आता यांना आवरायचं कसं? जॅगेक्सनं आधी नळच बारीक केला. २००८ च्या सुरुवातीपासून पंधरा मिनिटांत ३,००० नाण्यांहून जास्त मोफत हाती द्यायची नाहीत. म्हणजे वरचा तो एका कप्प्यातला ढीग जिवलग मित्राला द्यायचा झाला, तर रात्रंदिवस देत राहून वीस वर्षं! चोरांबरोबर दिलदार मित्रही मेले. खेळाडू चिडले नसते तरच नवल. २०१० च्या डिसेंबरात कंपनीनं मतदान सुरू केलं, १२ लाखांहून जास्त मतं पडली, ९१ टक्के म्हणाले, बंधन काढा. २०११ च्या फेब्रुवारीत काढलं. आणि लोंढा आला. माणसांचा नव्हे, बॉटांचा, म्हणजे माणसाऐवजी नाणी खणत बसणाऱ्या प्रोग्रॅमचा.

मग उजाडली २५ ऑक्टोबर २०११. जॅगेक्सच्या इंजिनिअरांनी आत काहीतरी कळ फिरवली (कुठली, ते त्यांनाच ठाऊक) आणि कंपनीच्या सांगण्यानुसार पहिल्याच दिवशी १५ लाख खाती बॅन! चोवीस तास धरले तरी दर सेकंदाला सतरा. मुंबईची लोकल गर्दीच्या वेळी पाच हजार माणसं कोंबते. या १५ लाखांना बसवायला ३०० लोकल लागतील. त्या एकीमागे एक उभ्या केल्या तर पहिलीचं तोंड सीएसएमटीला आणि शेवटचा डबा बदलापूरच्याही पलीकडे. आणि त्या ३०० गाड्यांत बसलेला माणूस जवळपास एकही नाही!

संख्या नेहमी मोठीच लागते असंही नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं २००९ च्या जूनमध्ये 'ईव्ह ऑनलाइन'मधली ६,००० वर काही खाती उडवली. एकूण खात्यांच्या जेमतेम दोन टक्के. सर्व्हरवरचा भार मात्र तीस टक्के उतरला. पन्नास बिऱ्हाडांची सोसायटी डोळ्यांपुढे आणा, गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी. एकच बिऱ्हाड तीन हजार लिटर ओढतंय, उरलेल्या ४९ घरांना १४३-१४३ लिटर. एकेक बॉट एकवीस माणसांचं पाणी पीत होता!

पण खरी चिल्लर बघायची तर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये. २००६ चा मे महिना. ब्लिझर्ड कंपनीनं ३०,००० हून जास्त खाती बंद केली आणि ३ कोटींहून जास्त गोल्ड खेळातून पुसून टाकलं. तीन कोटी म्हणजे काहीच नाही वाटतं? थांबा. तिथल्या एका गोल्डचे शंभर सिल्व्हर, एका सिल्व्हरचे शंभर कॉपर. सगळं सुट्टं करा: ३०,००० कोटी नाणी! सेकंदाला एक मोजायला साडेनऊ हजार वर्षं. शेती अजून बाळसं धरत होती तेव्हा बसला असता, तर आता कुठे मोजून होत आलं असतं. प्रत्येक नाणं आपल्या रुपयाएवढं धरा, पावणेचार ग्रॅमचं. वजन ११ लाख टनांच्या पुढे. एका मालगाडीत ढोबळमानानं ३,८०० टन मावतात, म्हणजे ३०० मालगाड्या. एकेक गाडी साडेसहाशे मीटरच्या वर लांब. सगळ्या एकमेकींना जोडा. इंजिन बोरीबंदरला, मधले डबे कल्याण-कर्जतला, पुढचे बोरघाटात आणि शेपूट पुणे स्टेशनाच्याही बाहेर. १९२ किलोमीटरची लाइन पूर्ण भरून वर उरली!

हा एका महिन्याचा माल. जूनमध्ये आणखी ५९,००० खाती, आणखी २ कोटी २० लाख गोल्ड. रांग दौंड ओलांडून सोलापूरच्या वाटेला लागली, आणि एवढा माल जप्त करायला ब्लिझर्डला एक हमाल लागला नाही.