सोमवारची पिशवी

बँकेत उभं आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. माणूस नवा भेटला की तो पैसे कसे मोजतो, हे मी आधी बघतो. ही खोड मला एकदाच खाली मान घालायला लावून गेली.

१९९१ मध्ये माझी बदली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावी झाली. शाखा लहान. दर सोमवारी पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं, गावातल्या चर्चचे खजिनदार. निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कापडी पिशवीत आदल्या दिवशीच्या उपासनेतलं दान असे. चिल्लर, एक-दोन-पाचाच्या नोटा, सारे मिळून शंभर-सव्वाशे रुपये.

या जिल्ह्याला ख्रिस्ती मंडळी नवी नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्येच नगरला आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसारही याच परिसरात झाला. ‘स्मृतिचित्रे’मुळे तो आपल्या घरातलाच वाटतो. चर्चच्या समाजालाही हे लोक ‘मंडळी’च म्हणतात. शब्द किती घरगुती!

पिशवीत फाटक्या, तेलकट, चिकटपट्टी लावलेल्या नोटा हमखास निघत. आमचा रोखपाल त्या परत सरकवी. गुरुजी काही न बोलता सदऱ्याच्या खिशातून तेवढेच पैसे काढून भरणा पुरा करत. हे मी काचेआडून वर्षभर पाहिलं.

मग मंडळीच्या वार्षिक सभेपूर्वी कुजबुज सुरू झाली. दानाची वही आणि पासबुक वर्षभर रुपयाला रुपया जुळतात, हे कसं? म्हणजे वही मागाहून लिहिली जाते! बँकेत आकडे जुळले नाहीत की संशय येतो. इथे जुळले म्हणून आला.

मी गुरुजींना केबिनमध्ये बसवलं. म्हटलं, “तुमची परवानगी असेल तर मी सभेत येऊन खरं काय ते सांगतो.”

“नको, साहेब,” ते म्हणाले. “ती नोट ज्यानं टाकली त्याच्याकडं दुसरी नसेल. सभेत हे निघालं, तर पुढल्या रविवारी ताट समोर आलं की तो मान खाली घालील.”

“आणि तुमच्या नावाचं काय?”

“नाव काय, माझ्याबरोबर जाईल. मंडळी राहायची आहे.”

मी गप्प राहिलो. खातेदाराची गोष्ट बाहेर सांगू नये, हा नियम सोयीचा होताच. गुरुजींनी वह्या, किल्ल्या सोपवल्या. पुढल्या सोमवारी नवे खजिनदार आले. रोखपालानं तीन रुपयांच्या नोटा परत केल्या. त्यांनी वहीत तीन रुपये कमी लिहिले. त्यांचंही चूक नव्हतं.

नाताळला मला बोलावणं आलं. गेलो. मला वाटलं होतं, गुरुजी आता दिसायचे नाहीत. ते दाराशी होते, उशिरा आलेल्यांसाठी सतरंजी अंथरत.

टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. त्यांचे थोडेच अध्याय झाले होते. बाकीचं लक्ष्मीबाईंनी रचून पुरं केलं. मला वाटतं, कुठल्याही मंडळीची निष्ठेनं केलेली सेवा म्हणजे शेवटी हेच. दुसऱ्याचं अपुरं राहिलेलं पुरं करायचं. लक्ष्मीबाईंचं नाव राहिलं. गुरुजींचं राहणार नाही, आणि त्यांना त्याची खंत नव्हती. खंत मला आहे.

निघताना हळूच विचारलं, “गुरुजी, त्या फाटक्या नोटांचं काय केलंत?”

“घरी आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात,” ते म्हणाले. “दान आहे ते, साहेब. टाकून कसं द्यायचं?”