दिवाळीच्या तोंडावर ओव्हन बंद? खोलण्याआधी प्लग, पॉईंट आणि अर्थिंग बघा

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आपल्या नंदुरबार, धुळे, जळगावकडची हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. उधन्याहून निघालेली गाडी नवापूरमार्गे नंदुरबारला येते, आणि तिच्यातून साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर मिक्सर, शिलाई मशीन अन्‌ आता इलेक्ट्रिक ओव्हनही येतात. नानकटाईचं गाव म्हणून सुरतेचं नाव आहेच. पूर्वी दिवाळीला घरचं तूप, साखर, मैदा घेऊन बायका बेकरीत रांग लावायच्या. आता ते काम घरच्या ओटीजीवर होतं. पण हा ओव्हन वर्षातले आठ-दहा महिने माळ्यावर पडून असतो आणि दिवाळीच्या चार दिवस आधी काढला की दगा देतो.

गेल्या दिवाळीत उधन्याच्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, ओव्हन लावला की पूर्ण घराची लाईट जाते. शेजारचे म्हणतात, प्लगची जाड पिन काढून टाका, चालेल."

चालला असता, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला इतक्या घरांत फिरतो.

आधी घरात नेमकं काय पडतं ते बघा. मीटरजवळच्या बोर्डात दोन प्रकारचे स्विच असतात. साधा एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला की पडतो. ज्याच्यावर 'टेस्ट'चं किंवा 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं तो आरसीसीबी. आपले वायरमन त्याला अजून इएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, मध्येच कुठे गळाला, की तो पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला पडतो. बहिणीकडे हाच पडत होता. म्हणजे ओव्हनमधून करंट बॉडीत उतरत होता आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जात होता. जाड पिन काढली असती तर त्याची ती वाट बंद झाली असती, आरसीसीबी शांत बसला असता आणि ओव्हनच्या पत्र्यात करंट तसाच राहिला असता. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दाराला हात लावला, की करंटची वाट त्याच्या अंगातून.

आता हा करंट गळतो कुठून? ओव्हनचा रॉड बाहेरून स्टीलची नळी दिसतो. आत नायक्रोमच्या तारेची कॉइल असते आणि कॉइल व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पावडर ठासलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते, करंट अडवते. पण ती हवेतला ओलावा ओढते. सुरतेचा पावसाळा, समुद्र जवळ, तापीचं पात्र शेजारी, त्यात बंद माळा. रॉडच्या टोकांकडून दमट हवा आत शिरते आणि पावडरीचा अडसर ढिला पडतो. रॉड जळालेला नसतो, तारही तुटलेली नसते, फक्त तो ओला झालेला असतो.

लिंबायतचा मेकॅनिक, मूळचा आपल्या शिरपूरकडचा, आला. त्याने ओव्हन पॉईंटवरून काढला, मागचा पत्रा खोलला, प्रत्येक रॉडच्या वायरी सोडवल्या आणि एकेक रॉड मेगरने तपासला. मेगर 500 व्होल्ट देऊन गळती शोधतो. साध्या मल्टीमीटरची छोटी बॅटरी अशी गळती कधी पकडते, कधी नाही. खालचा एक रॉड सापडला. "ताई, नवा टाकायची घाई नको," म्हणत तो रॉड दुकानात घेऊन गेला, दुसऱ्या ओव्हनमध्ये काही तास तापवून वाळवला, दुसऱ्या दिवशी मेगर लावून बसवला. वाळवूनही गळती राहिली असती तर रॉड बदलावाच लागला असता.

हे झालं लाईट जाण्याचं. ओव्हन नुसताच थंड राहत असेल तर तपास वेगळा, आणि त्यातला बराचसा घरच्या माणसाला जमतो.

सगळ्यात आधी टायमर. बहुतेक ओटीजीत टायमर फिरवल्याशिवाय करंट पुढे जातच नाही. "बंद पडला" म्हणून दुकानात आणलेले काही ओव्हन टायमर शून्यावर असल्याने बंद असतात, असं तो मेकॅनिक हसत सांगत होता. मग पॉईंट. 2000 वॉटचा ओव्हन 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या साध्या पॉईंटवर किंवा मोबाईल चार्जरच्या एक्स्टेंशनवर लावायचा नाही, 16 अँपिअरचाच पॉईंट हवा. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील, प्लास्टिक पिवळं झालं असेल, हात लावला तर प्लग गरम लागत असेल, तर बिघाड ओव्हनचा नसून तिथल्या ढिल्या जोडणीचा असू शकतो.

पॉईंट ठीक, पण तरी थंड? आता मल्टीमीटर कामाला येतो. प्लग काढलेला, ओव्हन पूर्ण गार. टायमर चालू, थर्मोस्टॅट वर, सिलेक्टर दोन्ही रॉडवर. प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये ओहम मोजा. हिशेब सोपा आहे, माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही जमतो : व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. 1200 वॉटच्या ओव्हनला 230 गुणिले 230 भागिले 1200, म्हणजे सुमारे 44 ओहम. याच्या आसपास आकडा आला तर रॉड शाबूत आहेत. आकडा साधारण दुप्पट आला तर वरची किंवा खालची जोडी बंद आहे. काहीच आलं नाही तर वायर, टायमर, सिलेक्टर, थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज यांपैकी कुठेतरी रस्ता तुटलाय. काही ओव्हनमध्ये जोडीतले दोन रॉड सिरीजमध्ये असतात, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे, एक गेला की दुसराही थंड. दोन्ही बदलायची गरज नसते. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट आणि वॉट दुकानदाराला दाखवा, नुसती लांबी जुळवून आणू नका.

मग जाड पिनेपासून ओव्हनच्या पत्र्यापर्यंत मोजा, रंग नसलेल्या जागी. इथे आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर अर्थिंगची वायर आतून सुटलीय, आणि ओव्हन छान तापत असला तरी तो लावू नका.

आत वायर बदलायची वेळ आली तर साधी पीव्हीसी वायर नको, ती उष्णतेने वितळते. काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण असलेली घ्या. रॉडच्या टोकाला जोडणी थिंबल दाबून करतात, कथिलाचा डाग तिथे टिकत नाही. थर्मल फ्यूज उडाला असेल तर तिथे तार जोडून काम भागवणारे भेटतील. त्यांना ओव्हन देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर आग लागण्याआधी थांबवणारी शेवटची वस्तू तीच आहे.

आणि मायक्रोवेव्ह असेल तर पत्रा खोलूच नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो. वर सांगितलेलं सगळं फक्त रॉडवाल्या ओटीजीसाठी आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी. सुरतेहून आणलेला ओव्हन गावाकडे "तापत नाही" अशी तक्रार ऐकू येते. बऱ्याचदा ओव्हनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. संध्याकाळी सगळीकडे मोटारी चालू असताना पॉईंटवर 190 व्होल्ट आले, तर 1200 वॉटचा ओव्हन जेमतेम 820 वॉटचं काम करतो. नानकटाई मग खालून कच्ची, वरून पांढरी. दुकानात नेण्याआधी पॉईंटचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या, नाहीतर दुपारी व्होल्टेज चांगलं असताना एक ट्रे लावून बघा.

बहिणीचा ओव्हन धनत्रयोदशीला सुरू झाला. जाड पिन जागेवर आहे. आता तो माळ्यावर जात नाही, ओट्याच्या कोपऱ्यातच असतो, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा ती तो रिकामाच अर्धा तास तापवते, म्हणजे रॉडमध्ये ओल धरत नाही.