थोरियमच्या शेजारचं युरेनियम

संपादकांना अणुभट्टीवर लेख हवा होता. भट्ट्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल होतं ते इंधन भट्टीत जाण्याआधी त्याची झडती घेणाऱ्यांचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या इंधन-रसायनशास्त्रज्ञांनी या झडतीसाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीवर, म्हणजे एक्सआरएफवर, बरंच काम केलं आहे.

थोरियम स्वतः जळत नाही. न्यूट्रॉन गिळल्यावर त्याचं युरेनियम-233 होतं, ते जळतं. केरळच्या मोनाझाइट वाळूत मात्र थोरियमसोबत थोडं साधं युरेनियमही असतं. ते राहून गेलं तर पुढे 233 मध्ये मिसळतं, आणि मग कुठलंही रसायन त्या दोघांना वेगळं करू शकत नाही. म्हणून हिशेब आधीच.

क्ष-किरणांचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं. ती ऊर्जा अणुक्रमांकाशी कशी जोडलेली असते, त्याचा नियम भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने 1913 मध्ये मांडला. दोन वर्षांनी, अवघ्या 27 व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. 1971 मध्ये योनेदा आणि होरिउची या जपानी संशोधकांनी या तंत्राला एक सुंदर वळण दिलं. क्ष-किरण क्वार्ट्झच्या गुळगुळीत चकतीवर एक दशांश अंशाहूनही कमी कोनातून सोडायचे. तळ्यात तिरका फेकलेला चपटा दगड न बुडता उसळतो तसे ते परततात. चकतीत शिरतच नाहीत, त्यामुळे तिचा गोंगाट जवळपास उरत नाही.

तीस मिलिमीटरच्या त्या चकतीवर पाच-दहा मायक्रोलिटरचा थेंब ठेवून सुकवतात. नमुना किरणोत्सारी असताना एवढंसंच हाताळावं लागणं ही केवढी सोय! थेंबात आधीच मोजून इट्रियम घातलेलं असतं. वर्णपटातल्या त्याच्या शिखराशी तुलना करून युरेनियमचा आकडा काढायचा. पण सगळ्यात आवडली ती मॉलिब्डेनमची जुळणी. युरेनियमचा एल-3 कवचातला इलेक्ट्रॉन उडवायला 17.17 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि मॉलिब्डेनमच्या क्ष-किरण नळीतून येतात 17.4 च्या आसपास. जेमतेम पुरतात, आणि जेमतेम पुरतात म्हणूनच उत्तम काम करतात.

मग अडतं कुठे? शेजाऱ्यापाशी. युरेनियमचं मुख्य शिखर 13.61 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, थोरियमचं 12.97 वर. दोन्ही सारख्या प्रमाणात असतील तर ती सहज वेगळी दिसतात. थोरियम लाखपट असलं की त्याच्या शिखराच्या पायथ्याशीच युरेनियम गाडलं जातं. नमुन्यात रुबिडियम असेल तर त्याची रेषा 13.39 वर, म्हणजे आणखी जवळ. तेव्हा आधी ट्रायब्युटिल फॉस्फेटसारख्या द्रावकाने युरेनियम बाजूला काढावं लागतं. यंत्राचं काम मिनिटांचं. वेळ आणि जोखीम सगळी या आधीच्या रसायनात. तिथे थोडं युरेनियम मागे राहिलं किंवा अभिकारकातूनच थोडं आत आलं, तरी यंत्र बिनतक्रार आकडा देतं.

थेंबही हट्टी असतो. सुकताना कडेला कडं करतो. थर जाड झाला तर परावर्तनाचं गणित बिघडतं. म्हणून चकतीला सिलिकोनचा हात देतात, थेंब पसरू नये म्हणून. आणि ती कोरी असताना एकदा मोजून घेतात, मागच्या नमुन्याचं काही चिकटलेलं नाही ना ते बघायला.

एवढं करूनही यंत्र 233, 235 आणि 238 यांत फरक करत नाही. त्याच्या लेखी ते सगळं नुसतं युरेनियम. भट्टीला ज्याची मोठी धास्ती, ते न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन तर त्याला दिसतच नाही, इतके त्याचे किरण दुबळे. समस्थानिकांसाठी नमुना वस्तुमान-वर्णपटमापीकडे जातो आणि बोरॉनसाठी आणखी तिसरीकडे.